प्रयोगशाळेचें दार आणि शेताचा बांध

गेल्या वार्षिक सभेंत आमचे एक वयोवृद्ध सभासद उठून म्हणाले, "कॉलेजांत आणि संशोधनशाळांत एवढे विद्वान् बसले आहेत; त्यांच्या अभ्यासांतून माझ्या बांधापर्यंत काय आलें, तें मला कोणी दाखवील काय?" सभेंत कांहीं मंडळी हंसली. परंतु प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. ज्या शाळा चालतात त्या आपल्याच कराच्या पैशावर चालतात, आणि ज्या पिकाच्या नांवानें तेथें प्रबंध लिहिले जातात तें पीक आपल्याच शेतांत उभें असतें. तेव्हां हिशेब मागण्याचा हक्क शेतकऱ्यास आहे, आणि तो हिशेब शक्य तेवढा प्रामाणिकपणें मांडणें हें आमचें कर्तव्य आहे.

त्यासाठीं आम्हीं एक ठिकाण निवडलें, तें म्हणजे साष्टी बेटांतील जोगेश्वरी. ज्या लेण्यावरून या गांवाला नांव मिळालें तें शैव लेणें सहाव्या शतकांतील आहे. जवळच्या टेकडीवर इस्माईल युसूफ कॉलेज १९३० पासून उभें आहे. एके काळीं साष्टींत भातशेती, भाजीचे मळे आणि मिठागरें होतीं. आज जोगेश्वरीस दृष्टि पोंचेल तेथवर घरेंच घरें आहेत. पेरणीस बोटभर जागा उरली नाहीं अशा या गांवीं शेतकऱ्यानें काय पाहावें, असें वाचकांस वाटेल. परंतु येथून पूर्वेस आरें व पवई, पश्चिमेस वेसावें, आणि दक्षिणेस रेल्वेनें माटुंगें व परळ, अशा सहा-सात कोसांच्या आंत पांच निरनिराळ्या विद्यांचीं ठिकाणें आहेत. वैद्यक, कापूस, दूध, मासे आणि पाणी हे त्यांचे पांच विषय. एकाचा दुसऱ्याशीं वरवर संबंध दिसत नाहीं; पण पांचही ठिकाणीं मूळ प्रश्न लोकांच्या अडचणींतून निघाला होता. उत्तर कोठें साधलें व कोठें फसलें, तें आम्ही क्रमानें सांगतों.

उंदीर, पिसू आणि धान्याची कोठी

१८९६ सालच्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत गांठीच्या तापाची सांथ सुरू झाली. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. सरकारनें वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञास बोलाविलें. त्यांनीं प्लेगचे जंतू मांसरसांत वाढवून, ते उष्णतेनें मारून त्यांची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नर-वाड्यांत गेली व १९२५ पासून तिला त्यांचेंच नांव आहे.

लस झाली, तरी रोग पसरतो कसा हा प्रश्न शिल्लक होता. घरांत उंदीर पडूं लागले कीं घर सोडून रानांत मांडव घालावा, हें खेडुतांस अनुभवानें ठाऊक होतें. परंतु तें कां, हें कोणास सांगतां येत नव्हतें. सिमंड नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १८९८ सालीं उंदराच्या पिसवेवर संशय घेतला; पुष्कळांनीं तो मानला नाहीं. पुढें मुंबईंत लिस्टन यांनीं आणि १९०५ सालीं नेमलेल्या प्लेग संशोधन कमिशननें साधे पण काटेकोर प्रयोग केले. प्लेग झालेल्या घरांत मोकळे सोडलेले गिनीपिग मरत. पिसू उडून पोंचणार नाहीं इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यांतील जनावर वांचत असे. खेडुतांचें निरीक्षण खरें ठरलें, आणि त्यामागचें कारणही कळलें. धान्याची कोठी जमिनीपासून उंच ठेवावी, भिंतींतील बिळें बुजवावीं, मेलेला उंदीर उघड्या हातानें उचलूं नये, हे जे नियम आपण आज घरोघर सांगतों, त्यांच्या मागें या पिंजऱ्यांचा पुरावा आहे.

याच कथेंत एक कडू प्रकरणही आहे, तें झांकून ठेवणें योग्य नव्हे. १९०२ सालीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. हाफकिन यांस कामावरून दूर केलें गेलें. दोष प्रयोगशाळेचा नसून गांवीं ती एक बाटली उघडतांना झालेल्या अस्वच्छतेचा असावा, असें पुढें थोर शास्त्रज्ञांनीं दाखविलें, आणि १९०७ सालीं ते दोषमुक्त ठरले. परंतु तोंपर्यंत लोकांचा विश्वास उडाला होता. औषध बरोबर असलें तरी शेवटच्या हातांत तें बिघडूं शकतें, हा धडा औषधफवारणी करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यानें आणि तीस सांगणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यानें लक्षांत ठेवावा.

कापसाचा धागा

माटुंग्यास १९२४ सालीं हिंदी मध्यवर्ती कापूस समितीनें आपली तांत्रिक प्रयोगशाळा उघडली. तिचे पहिले संचालक टर्नर. तीच संस्था आज भारतीय कृषि अनुसंधान परिषदेखालीं कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था म्हणून काम करीत आहे. तिच्या स्थापनेच्या वेळचा प्रश्न असा होता. कापसाचा नवा वाण काढणारा पैदासकार शेतांत बसून उत्पन्न आणि रुईचा उतारा मोजी. पण त्या रुईचें सूत कसें निघेल हें त्यास कळत नसे. गिरणीवाला सुताची पारख जाणे. पण त्यास वाणाशीं कर्तव्य नसे. शेतकऱ्याचा भाव मात्र व्यापाऱ्याच्या बोटांच्या चिमटीवर ठरे. माटुंग्याच्या शाळेनें थोडक्या रुईचा नमुना घेऊन तंतूची लांबी, बारीकपणा व बळकटी मोजण्याची आणि त्याचें सूत कातून त्याचा नंबर ठरविण्याची रीत बसविली. सुताचा नंबर म्हणजे एक रत्तल सुतांत ८४० वारांच्या किती लड्या बसतात तो आंकडा. यामुळें वाण शेतकऱ्याच्या हातीं जाण्यापूर्वींच तो गिरणींत चालेल कीं नाहीं हें कळूं लागलें. हलक्या कापसाची भेसळ थांबविण्यासाठीं १९२३ सालीं कापूस-वाहतुकीचा आणि १९२५ सालीं जिन व प्रेस कारखान्यांचा कायदा झाला, हेंही याच प्रयत्नाचें अंग होय.

तरीसुद्धां वऱ्हाड-खानदेशांत पुष्कळ काळ आंखूड धाग्याचा, पांढऱ्या फुलाचा 'रोझियम' कापूसच फार पेरला जात होता. विद्वान् म्हणत, शेतकरी अडाणी आहे. आम्हांस तें मान्य नाहीं. त्या कापसाचा उतारा जास्त, पीकही हमखास. आणि लांब धाग्यास बाजारांत पुरता जादा भाव मिळत नसेल तर लांब धागा पेरणाऱ्याचा तोटाच होणार. शेतकऱ्यानें गणित बरोबर केलें होतें. गणितांतील एक रकम, म्हणजे भाव, प्रयोगशाळेबाहेर होती. ज्या संशोधनांत शेतकऱ्याचा जमाखर्च धरला जात नाहीं, तें शास्त्र म्हणून खरें असूनही शेतांत खोटें पडतें.

याच संस्थेनें पुढें पऱ्हाट्यांकडे लक्ष दिलें. पऱ्हाटी दाबून तक्ते व जळणाच्या कांड्या करण्याच्या रीती तेथें बसविल्या गेल्या. यांत दुहेरी लाभ आहे. घरामागें रचून ठेवलेल्या पऱ्हाटीवरील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून राहते व पुढील हंगामांत शेतांत येते. ती पऱ्हाटी वेळेवर कारखान्याकडे गेली तर चार पैसेही मिळतात आणि अळीचें घरही मोडतें. मात्र तोडणी, भरणी व गाडीभाडें वजा जातां हातीं काय राहतें, हें ज्यानें त्यानें आपल्या गांवापुरतें मांडून पाहावें.

म्हशीचें दूध

जोगेश्वरीच्या पूर्वेस लागूनच आरें आहे. मुंबईच्या दाट वस्तींत म्हशींचे तबेले होते. दूध भेसळीचें, गोठे घाणेरडे, आणि म्हैस भाकड झाली कीं शहरांत तिला पोसणें परवडत नसल्यानें ती खाटकाकडे जाई. म्हणजे गुजराथ-पंजाबाकडील उत्तमांतली उत्तम म्हैस मुंबईंत येऊन एका वेतांत संपत असे. दारा खुरोडी यांनीं १९४९ सालीं तबेल्यांतील म्हशी शहराबाहेर नेण्यासाठीं आरें वसाहत उभी केली. १९५१ सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. त्याच्याही आधीं, १९४६ सालीं, त्यांनीं 'टोन्ड' दुधाची युक्ति काढली होती. तिचें गणित सोपें आहे. सहा टक्के स्निग्धांशाचें एक शेर म्हशीचें दूध घ्यावें. साय काढलेल्या दुधाची भुकटी पाण्यांत कालवून तयार केलेलें एक शेर दूध त्यांत मिळवावें. तीन टक्के स्निग्धांशाचें दोन शेर सकस दूध होतें आणि गरिबासही तें परवडतें. नुसतें पाणी घातलें तर ती भेसळ. मोजून, सांगून, सकस घटक कायम राखून मिळविलें तर तें शास्त्र. फरक एवढाच, पण तोच सर्व कांहीं.

दुसरी बाजू आणंदास दिसते. मुंबईस दूध पुरविण्याची योजना १९४५ सालीं निघाली, तेव्हां खेडा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस आपल्या दुधाचा भाव ठरविण्यांत कांहींच अधिकार नव्हता. १९४६ सालीं त्यांनीं दूध घालणें बंद केलें आणि स्वतःचा सहकारी संघ काढला. परंतु हिवाळ्यांत दूध उदंड आणि उन्हाळ्यांत टंचाई, ही अडचण संघटनेनें सुटणारी नव्हती. त्यास भुकटी हवी होती. म्हशीच्या दुधाची चांगली भुकटी होत नाहीं असें परदेशांतील तज्ज्ञांचें मत होतें, कारण त्यांच्या देशीं म्हशीच नव्हत्या. आणंदच्या हरिचंद दलाया यांनीं तें खोटें ठरविलें आणि १९५५ सालीं तेथें भुकटीचा कारखाना चालू झाला. १९६३ सालचें मॅगसेसे पारितोषिक खुरोडी, त्रिभुवनदास पटेल व व्हर्गीस कुरियन या तिघांस मिळून देण्यांत आलें. आमच्या मतें या दोन प्रयत्नांतील भेद लक्षांत घेण्याजोगा आहे. आऱ्यास म्हैस आणि वैरण शहराजवळ आणावी लागली. आणंदास म्हैस शेतकऱ्याच्या दारींच राहिली व दूध तेवढें शहरास गेलें. वैरण शेतांतली, शेण शेतालाच. म्हणून दुसरी रीत देशभर पसरली.

खारावलेली जमीन

पश्चिमेस वेसाव्याला १९६१ सालीं स्थापन झालेली मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे. माशांच्या शाळेशीं घाटावरच्या शेतकऱ्याचें काय काम, असें वाटेल. पण ज्यांची जमीन पाणी देऊन देऊन पांढरी पडली आहे, त्या सांगली-कोल्हापूरकडील बागाइतदारांनीं पुढील मजकूर अवश्य वाचावा.

खारीचा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. नीरा कालव्याखालील जमिनी खारावूं लागल्या तेव्हां पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनीं १९१० च्या सुमारास तेथील माती व पाणी तपासून कारण सांगितलें. कालव्याच्या झिरप्यानें भूजल वर येतें, तें उन्हानें आटतें, आणि मीठ तेवढें वरच्या थरांत राहतें. म्हणून आधीं निचरा करावा, मग खत घालावें. आज जमिनीखालीं सच्छिद्र नळ्या घालून हाच निचरा करितात. कोंकणांतील खाजणांसाठीं पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानें 'पनवेल' नांवाचे मीठ सोसणारे भाताचे वाण दिले आहेत. एके ठिकाणीं जमीन पिकाजोगी केली, दुसऱ्या ठिकाणीं पीक जमिनीजोगें केलें.

वेसाव्याच्या संस्थेनें तिसरी वाट धरली. हरियाणांत रोहतकजवळ लाहली येथें तिचें केंद्र आहे. तेथें भूजल इतकें खारें कीं गहूं-बाजरी कांहींच येईना. समुद्रापासून शेंकडों कोस दूर त्या पाण्यांत कोळंबी वाढवून पाहिली. प्रथम ती जगेना. पाण्याचें पृथक्करण केल्यावर कळलें कीं पाणी खारें असलें तरी समुद्राचें नव्हे. त्यांत पालाश फार कमी आहे. मग आपण उसास घालतों तेंच म्युरिएट ऑफ पोटॅश मापानें तळ्यांत टाकलें, आणि कोळंबी जगूं लागली. तळें खणण्याचा खर्च, रोगाची भीति व भावाची चढउतार पाहतां हा धंदा प्रत्येकाचा नव्हे, आणि ज्याची जमीन अजून निचऱ्यानें सुधारते त्यानें ती खणून तळें करणें म्हणजे घर मोडून मांडव घालणें होय. परंतु जेथें सर्व उपाय थकले तेथें पडीक जमिनीसही कांहीं उपयोग आहे, हें या प्रयोगानें सिद्ध झालें.

पाण्याचा जमाखर्च

जोगेश्वरीहून विक्रोळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पवईस १९५८ सालीं स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. तेथें १९८५ पासून ग्रामीण भागांच्या गरजांसाठीं स्वतंत्र केंद्र चालतें. येथील मंडळींनीं गांवच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत बसविली, आणि महाराष्ट्र सरकारच्या २०१८ सालीं सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पांत ती विदर्भ-मराठवाड्यांतील गांवांसाठीं वापरण्यांत आली.

रीत किर्द-खतावणीसारखीच आहे. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरावर पडला म्हणजे १०,००० लिटर, एकरावर सुमारें ४,००० लिटर पाणी जमा झालें. पांचशें मिलिमीटर पावसाच्या गांवांत प्रत्येक एकरावर सुमारें वीस लाख लिटर पडतें. हें सर्व आपलें नव्हे. कांहीं ओढ्यानें वाहून जातें, कांहीं मातींत मुरून पिकास लागतें, कांहीं उन्हानें उडतें, आणि उरलेलें खालीं झिरपून विहिरीस येतें. मातीचा पोत, उतार व पीक पाहून प्रत्येक वाटा काढावा आणि गांवच्या सर्व पिकांची गरज त्यासमोर मांडावी. तूट दिसली तर ती कोणाच्या पिकामुळें, हेंही दिसतें. येथेंच खरी अडचण आहे. विहीर माझी, बोअर माझा, पण खालचें पाणी सर्वांचें. शेजाऱ्यानें ऊस लावला तर माझी हरभऱ्याची पाळी चुकते. आंकडा विद्वान् काढून देतील. त्या आंकड्याप्रमाणें वागण्याचा ठराव मात्र गांवानेंच करावा लागेल.

मागण्या आणि कर्तव्यें

आतां वृद्ध सभासदांच्या प्रश्नाकडे परत येऊं. प्रयोगशाळेंतून बांधापर्यंत कांहींच आलें नाहीं, हें म्हणणें खरें नव्हे. परंतु जें आलें तें उशिरा व वाकड्या वाटेनें आलें, हें खरें आहे. मान यांनीं पुण्याजवळील पिंपळे सौदागर गांवच्या जमिनीचे कसे तुकडे पडले आहेत, याचा अभ्यास १९१७ सालीं छापला. तुकडेबंदीचा कायदा होण्यास १९४७ साल उजाडलें. तीस वर्षांत शेतें आणखी वांटलीं गेलीं. आमच्याच एका शेतांतील मातीचा नमुना आम्हीं एका कचेरीकडे उन्हाळ्यांत पाठविला होता. त्याचें उत्तर पेरणी आटोपल्यावर आलें, आणि तेंही इंग्रजींत. मातीची परीक्षा बिनचूक असेल. आमच्या त्या वर्षाच्या पिकास तिचा कांहीं उपयोग झाला नाहीं.

म्हणून विद्वानांकडे आमच्या तीन मागण्या आहेत. अभ्यासाचा प्रश्न शेतांत येऊन शेतकऱ्याशीं बोलून ठरवावा. निष्कर्ष सांगतांना उत्पन्नाबरोबर खर्च व बाजारभावही मांडावा. आणि उत्तर हंगामापूर्वीं, मराठींत, समजेल अशा शब्दांत द्यावें.

आपल्या बाजूचीं कर्तव्येंही तितकींच आहेत. "पीक बरें येत नाहीं" ही तक्रार झाली, प्रश्न नव्हे. कोणत्या गटांत, कोणत्या मातींत, कोणत्या वाणावर, पेरणीनंतर कितव्या दिवशीं, कोणतें पाणी व खत दिल्यावर काय दिसलें, आणि शेजारच्या शेतांत काय दिसलें नाहीं, एवढें लिहिलें म्हणजे प्रश्न झाला. उंदीर पडले कीं घर सोडावें हें ज्या अनाम खेडुतांनीं पाहून ठेवलें होतें, त्यांच्या निरीक्षणाचा शास्त्रास उपयोग झाला. आपल्याही निरीक्षणाचा होईल, जर तें लिहून ठेवलें तर. तसेंच गांवीं एखादा प्रयोग करून पाहावयाचा असेल तर चार गुंठे तरी त्यासाठीं सोडण्याची तयारी हवी. आणि तो फसला तर त्याचा आंकडाही न लपवितां सांगावा.

यासाठीं येत्या हंगामापासून मंडळाच्या कचेरींत एक प्रश्नवही ठेवण्यांत येत आहे. सभासदांनीं आपला प्रश्न वरील तपशिलासह त्यांत लिहावा किंवा पत्रानें पाठवावा. आलेले प्रश्न निवडून आम्ही योग्य त्या संस्थेकडे पाठवूं, आणि उत्तर येवो वा न येवो, त्याची नोंद याच पानांवर तारखेसह प्रसिद्ध करूं. पहिला प्रश्न ज्या वृद्ध सभासदांनीं सभेंत विचारला त्यांच्याकडूनच आम्हीं लिहून घेतला आहे. त्यांच्या ओढ्याकांठच्या दोन एकरांत गेलीं चार वर्षें हरभरा फुलावर येऊन वाळतो. वरच्या तुकड्यांत वाळत नाहीं. माती दोन्हीकडील बांधून तयार आहे. उत्तराची वाट आम्हीही त्यांच्याबरोबर पाहत आहों.